मोजून मिळणारी जादू

फायरबॉल, म्हणजे आगीचा गोळा फेकायचा स्पेल (मंत्र), टाकायला काय लागतं, तर वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. मी मनाचं सांगत नाहीये, ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचं जे प्लेअर्स हँडबुक, म्हणजे खेळाडूंचं नियमपुस्तक, १९७८ ला निघालं त्यात तसं छापलेलंच आहे. दोन्हीची मिळून बारकी गोळी करायची, मंत्र म्हणायचा, बोट दाखवायचं, मग वाटाण्याएवढा ठिपका सुसाट जातो आणि जिथं सांगाल तिथं फुटतो. आता मराठवाड्यातल्या शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाला वटवाघळाची विष्ठा म्हटलं की एकच जागा आठवणार, दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी. शाळेची सहल तिथं जातेच जाते, आत शिरलं की पोरं मुद्दाम किंचाळतात, आणि तो जो वास नाकात बसतो तो घरी येईपर्यंत जात नाही. गंधकाचं म्हणाल तर ते आमच्या ग्रुपमधल्या भैय्याच्या दुकानात कधीही मिळतं, त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, द्राक्षावरच्या भुरीला मारायला लोक नेतात. म्हणजे तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलचं सगळं सामान मराठवाड्यातल्या मराठवाड्यात गोळा होतंय, कमी आहे ती फक्त जादू.

ज्यांना हा प्रकारच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार, आणि एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम, तो गोष्ट सांगतो आणि बाकी सगळं जग चालवतो. जमलं का फसलं हे फासे ठरवतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघांनी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून हा खेळ काढला. आम्ही लातुरात खेळतो, भैय्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत, खतांच्या वासात. नियमांचा बराच मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सगळ्यांना खुला झालाय, त्यामुळे प्रिंट मारून स्पायरल बाइंडिंग केलं की काम होतं. पण आमच्या डीएमला जुन्या पुस्तकांचं वेड आहे आणि खरं सांगायचं तर मलाही. माझं वेड मात्र राक्षस-ड्रॅगनचं नाही, स्पेलच्या खाली बारीक अक्षरात जे साहित्य लिहिलेलं असतं त्याचं आहे.

कारण त्यात गंमत लपवलेली आहे. मी क्लासेसमध्ये फिजिक्स शिकवते, म्हणून मला ती जरा लवकर दिसली असेल. लाइटनिंग बोल्ट, म्हणजे वीज फेकण्याचा स्पेल, त्याचं साहित्य काय तर केसाळ कातड्याचा तुकडा आणि अंबर, स्फटिक किंवा काचेची कांडी. अरे हा तर घर्षणातून विद्युतभार तयार करायचा प्रयोग झाला, कांडी घासा, कागदाचे कपटे उचला, दरवर्षी मी पोरांसमोर हेच करते! वटवाघळाच्या विष्ठेत नायट्रेट असतं, त्यातून पूर्वी सोरा काढायचे, आणि सोरा, गंधक, कोळसा एकत्र आलं की बंदुकीची दारू. भिंतीतून आरपार वाट काढायचा पासवॉल नावाचा स्पेल आहे, त्याला लागते चिमूटभर तीळ. तिळा तिळा दार उघड! मला हे कळलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. आणि भिंतीवर चढायच्या स्पेलला डांबराचा थेंब आणि जिवंत कोळी, नुसता हातात धरायचा नाही तर खायचा. आमच्यात एक जण माळकरी आहे, त्याला सगळे महाराजच म्हणतात, तो तेव्हा जादूगार खेळत होता आणि समोर चाळीस फूट उंच कडा. डीएम म्हणाला, टाक की स्पेल. तर महाराज म्हणे, "मी बी माळकरी आन् माझा जादूगार बी माळकरी, कोळी खाणार नाही." चर्चा झाली, भांडण झालं, कोळी मांसाहारात धरायचा का यावर आमच्या ग्रुपमधल्या वकीलसाहेबांनी दोन्ही बाजूंनी युक्तिवाद केला, शेवटी अख्खी पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांची टोळी, लांबच्या रस्त्याने वळसा घालून गेली आणि त्या वळशात दोन लांडग्यांनी आमच्या चोराला जवळजवळ संपवलंच. पुढच्या डावात महाराजांनी सरळ क्लेरिक घेतला, देवाचा माणूस, खाण्यापिण्याची भानगड नाही.

तर मुद्दा असा की या जुन्या खेळात जादू फुकट मिळत नाही. आणि नुसतं साहित्यच नाही, जादू मोजूनमापून मिळते. पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला दिवसाला एक स्पेल. एक! चार बाजूंच्या फाशावर जे काय येईल तेवढे त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल त्याचा आकडा), म्हणजे नशीब फुटकं असलं तर मांजरीने बोचकारलं तरी जाईल असा माणूस, अंगावर चिलखत नाही, हातात सुरा नाहीतर काठी, आणि दिवसभराची सगळी मिळून एक जादू. सकाळी पुस्तक उघडून ती पाठ करायची, वापरली की डोक्यातून पुसली जाते, परत हवी असेल तर झोप काढा आणि परत पाठ करा. ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्स या लेखकाकडून उचलली, त्याच्या १९५० च्या 'द डाइंग अर्थ' मधले जादूगार असेच मोजके मंत्र डोक्यात कसेबसे कोंबून निघतात आणि उच्चारला की मंत्र गेला. गायगॅक्सने ते ऋण लपवलंही नाही. खेळातला एक भयंकर मेलेला जादूगार आहे, वेक्ना, त्याचा तुटलेला हात आणि डोळा या वस्तू खेळात प्रसिद्ध आहेत, त्याच्या नावातली इंग्रजी अक्षरं (Vecna) उलटीपालटी केली की व्हान्स (Vance) होतं.

पुण्यात मुंबईत वाढलेल्या खेळाडूंना हा नियम जाम खटकतो असं मी ऑनलाइन ग्रुपवर पाहिलंय. एवढा मोठा जादूगार आणि दिवसाला एकच जादू, हे काय लॉजिक? आम्हाला लातुरात कुणालाच तो खटकला नाही. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात वाढलात की डोक्यात आपोआप स्लॉट, म्हणजे स्पेलसारखे मोजून ठेवलेले कप्पे, तयार होतात, हे प्यायचं, हे वापरायचं, हे पाव्हणे आले तर. आमच्या टेबलावर कुणीही पहिल्याच खोलीत स्पेल उडवून मोकळा होत नाही, सगळे राखून ठेवतात, इतके की कधी कधी डाव संपतो आणि स्पेल तसाच शिल्लक. डीएम वैतागतो, अरे वापरा की मेल्यांनो, पण सवय जात नाही.

बरं ही मोजणी नुसती कंजुषी नाही, त्यातूनच खेळातली मजा तयार होते. फायरबॉलचंच बघा. जुन्या नियमात त्याचा स्फोट सुमारे ३३,००० घनफूट जागा व्यापतो. मोकळ्या मैदानात ठीक आहे, वीस फूट त्रिज्येचा गोळा. पण डंजनमधला, म्हणजे खेळातल्या भुयारातला, बोळ असतो दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच. आग तर कुठेतरी जाणारच, मग ती बोळातून पसरते, भागाकार करा, ३३० फूट बोळ आगीने भरतो, आणि त्यातला निम्मा तुमच्याच दिशेला. दौलताबादच्या अंधारीत, जिथे वळणावळणाला दगडी भिंती आणि शत्रूचा गोंधळ व्हावा म्हणूनच वाट खोदलेली, तिथे हा स्पेल टाकणारा माणूस शत्रूबरोबर स्वतःच्या पार्टीचीही हुरडा पार्टी करणार. आमच्या भैय्याने एकदा टाकायला बोट वर केलं होतं, तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांनी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर काढला. जादूचा स्पेल टाकण्याआधी पाच माणसं घनफळ काढतायत, हे दृश्य मला फार आवडतं, माझ्या क्लासमध्ये असं कधी होत नाही.

आता नव्या आवृत्त्यांमध्ये हे बरंच सैल झालंय. २००८ च्या चौथ्या आवृत्तीपासून जादूगाराला हवे तितक्या वेळा वापरता येतील असे छोटे स्पेल मिळायला लागले, २०१४ च्या पाचवीत तर कँट्रिप म्हणून पाहिजे तेवढे आगीचे बाण मारा, दिवसभर मारा. नव्या पोरांना ते आवडतं आणि त्यात चुकीचं काही नाही, लेव्हल एकच्या माणसाला तीन तास नुसतं बसून राहावं लागत नाही. पण मला विचाराल तर चव गेली. जे कधीच संपत नाही ते वापरताना हात थरथरत नाही, आणि हात थरथरला नाही तर कसली जादू, ती तर बंदूक झाली.

वस्तूंचंही तेच. जुन्या खेळात सापडलेली वस्तू काय आहे हे लगेच कळत नाही. अंगठी सापडली, घालायची का? अदृश्य होण्याची असेल नाहीतर गळ्याशी येणारी असेल. ओळखायचा स्पेल आहे, आयडेंटिफाय, पण त्याला शंभर सोन्याच्या नाण्यांचा मोती कुटून दारूत मिसळून प्यावा लागतो आणि वरून जादूगाराची प्रकृती आठ गुणांनी खालावते, मग तो तासन्‌तास पडून. म्हणजे तपासणीची फी सुद्धा मजबूत. आणि फसवणारे आयटम ढिगाने. बॅग ऑफ होल्डिंग ही सगळ्यांची लाडकी, बाहेरून साधी पिशवी, आत पाचव्या आवृत्तीच्या हिशोबाने ५०० पौंड माल, म्हणजे सव्वादोन क्विंटल सोयाबीन, आणि पिशवीचं वजन मात्र कायम १५ पौंड. भैय्याने हे ऐकल्यावर पहिला प्रश्न हमालीचा विचारला. पण हुबेहूब तशीच दिसणारी दुसरी पिशवी असते, बॅग ऑफ डिव्हॉवरिंग, ती पिशवी नसतेच, कुठल्यातरी दुसऱ्याच मितीतल्या प्राण्याचं तोंड असतं. दोन्ही सुरुवातीला सारख्याच वागतात. आत हात घालणाऱ्याला उशिरा कळतं.

मध्येच एक गोष्ट सांगून घेते, कारण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. रोप ट्रिक नावाचा दुसऱ्या लेव्हलचा स्पेल आहे. दोरी हवेत उभी राहते, वर चढलं की एक लपायची जागा, दोरी आत ओढून घ्या आणि निवांत बसा. उघड आहे, भारतातल्या जादूगाराची दोरी, आमच्या ग्रुपला वाटलं बघा आपलं काहीतरी त्यांच्या खेळात गेलं. तर ती दोरीवर चढून गायब होणाऱ्या पोराची गोष्ट जगभर गाजली ती १८९० मध्ये शिकागोच्या एका पेपरात छापून आलेल्या बातमीने, आणि काही महिन्यांनी त्याच पेपराने कबूल केलं की गोष्ट बनावट होती. आणि गायगॅक्सचा जन्म कुठला, १९३८ चा, शिकागोचाच. शिकागोतून निघालेली भारतीय जादू शिकागोत जन्मलेल्या माणसाच्या पुस्तकातून लातुरात पोचली. असो.

मूळ मुद्द्याकडे येते, डिकँटर ऑफ एंडलेस वॉटर. न संपणाऱ्या पाण्याची सुरई. खेळाच्या हिशोबात ही किरकोळ वस्तू आहे, नव्या आवृत्तीत तर तिची गणना खालून दुसऱ्या दर्जाच्या जादुई वस्तूंत होते, अमेरिकन खेळाडू तिचा उपयोग काय करतात तर शत्रूला पाण्याच्या फवाऱ्याने पाडतात नाहीतर आग विझवतात. आमच्या टेबलावर ती पहिल्यांदा निघाली, डीएमने सहज खजिन्याच्या यादीतून वाचली, तेव्हा खोलीत शांतता पसरली. तलवार होती, कवच होतं, कुणी बघेना. भैय्याने विचारलं, "एंडलेस म्हंजे किती?"

मग रीतसर हिशोब झाला. बूच काढून हुकूम द्यायचा, तीन हुकूम आहेत, सगळ्यात मोठा गीझर, त्यात पाचव्या आवृत्तीच्या नियमाने एका वेळी ३० गॅलन, म्हणजे साधारण साडे ११३ लिटर. एक वेळ म्हणजे सहा सेकंद. मिनिटाला ११३५ लिटर, तासाला ६८ हजार, दिवसाला १६ लाख ३५ हजार लिटर. आता लातूरकरांना हा आकडा कशाशी ताडायचा हे सांगावं लागत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून जी पाण्याची रेल्वे आली, जलदूत, ती सुरुवातीला दहा वॅगनची होती, पाच लाख लिटर, नंतर पन्नास वॅगन झाल्या, पंचवीस लाख लिटर. म्हणजे हातभर उंचीच्या एका सुरईत त्या पन्नास वॅगनच्या गाडीचं पाऊण नाही पण दोन तृतीयांश पाणी, रोज, डिझेल न जाळता. दोन सुरया असत्या तर मांजरा धरण कोरडं पडलं काय आणि भरलं काय.

आम्ही सगळे त्या उन्हाळ्यात इथेच होतो. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, कलम १४४, पाण्यासाठी. त्यामुळे ती शांतता कशाची होती हे कुणी कुणाला विचारलं नाही.

पण मग वकीलसाहेबांनी नियम परत वाचला. सुरई आपोआप वाहत नाही. दर वेळी हुकूम द्यावा लागतो, सहा सेकंदांनी पाणी थांबतं, परत ओरडा. मिनिटाला दहा वेळा, तासाला सहाशे, दिवसाला १४,४०० वेळा कुणीतरी "गीझर" म्हणून ओरडायचं. म्हणजे माणसं लागणार, पाळ्या लागणार. तीन शिफ्ट, रात्रपाळीला जादा भत्ता, घसा बसला तर बदली कामगार. ओरडणारे कायमस्वरूपी की कंत्राटी यावर अर्धा तास गेला. आणि डीएम, तो बँकेत आहे आणि जात्याच खडूस आहे, तो म्हणाला की आपण जुन्या आवृत्तीने खेळतोय, त्यात गीझर २० गॅलनचा आणि राउंड, म्हणजे एक वेळ, एक मिनिटाचा. परत भागाकार. दिवसाला १ लाख ९ हजार लिटर. दहा-बारा हजार लिटरचे नऊ-दहा टँकर. एका वाक्यात त्याने पंधरा लाख लिटर पाणी उडवलं. आवृत्ती बदलली की पाणी पंधरा पटीने कमी होतं, हे आम्हाला का कोण जाणे अगदी ओळखीचं वाटलं.

आणि समजा मोठा आकडा धरला, सोळा लाखांचा, तरी लातूर शहराची २०११ ची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार, माणशी येतं सव्वाचार लिटर. प्यायला पुरेल, भांडी नाही. मग सुरई कुठल्या वॉर्डात ठेवायची? डाव तिथं थांबला आणि खरं राजकारण सुरू झालं, प्रत्येकाला ती आपल्या गल्लीत हवी होती, खेळातल्या गावातही आणि इथंही. शेवटी आमच्या चोराने ती रात्रीत पळवली आणि शेजारच्या राज्यात विकली, ते वेगळंच.

हवामान बदलायचा स्पेलही आहे, कंट्रोल वेदर, फार वरच्या लेव्हलचा, नव्या नियमात त्याचं साहित्य धूप, माती आणि लाकडाचे तुकडे पाण्यात कालवून, म्हणजे जवळपास पूजाच. त्यात एक अट फार शहाणपणाची आहे. आकाश निरभ्र असेल तर एकदम मुसळधार पाऊस पाडता येत नाही, आधी तुरळक ढग, मग आभाळ भरून येणार, मग पाऊस, एकेक पायरी, प्रत्येक पायरीला वेळ. २०१५ आणि २०१९ ला औरंगाबादेतून कृत्रिम पावसाची विमानं उडाली होती, सिल्व्हर आयोडाइड वगैरे घेऊन, तेव्हाही अडचण हीच, फवारायला आधी ढग तर पाहिजेत. निरभ्र आकाशावर ना मंत्र चालतो ना विमान.

आता कुणी म्हणेल की जादूच हवी तर आपल्याकडे कमी आहे का. मराठवाडा म्हणजे चमत्कारांचं कोठारच. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले, औंढ्याला नामदेवांसाठी अख्खं नागनाथाचं देऊळ फिरलं. पण यातलं काहीच खेळात घेता येत नाही, मी प्रयत्न केलाय. कारण चमत्काराला नियम नसतो. देऊळ फिरवायला कितव्या लेव्हलचा स्लॉट लागतो? दिवसातून किती वेळा फिरतं? हे विचारणंच चूक, आणि महाराज तर रागावतातच, म्हणतात, "मॅडम, ती भक्ती हाय, ती मोजायची नस्ती." बरोबर आहे त्यांचं. फक्त एका गोष्टीपाशी मी अडते. पैठणला नाथांच्या वाड्यात रांजण आहे, षष्ठीच्या आधी भाविक तो भरतात, आणि देव स्वतः येऊन त्यात पाणी ओततो तेव्हाच तो भरून वाहतो अशी श्रद्धा आहे. मूळ कथा सगळ्यांना माहितीये, देव श्रीखंड्याचं रूप घेऊन एकनाथांच्या घरी बारा वर्षं राबला, गोदावरीवरून कावडीने पाणी आणलं. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की प्रत्यक्ष देव आलाय, मनात आणलं असतं तर न संपणारी सुरई देऊन मोकळा झाला असता. नाही दिली. बारा वर्षं खांद्यावर कावड. गोष्ट रचणाऱ्यांना पाण्याची किंमत पक्की ठाऊक होती.

दुसऱ्या टोकाला भानामती. हा विषय निघाला कारण माझी आत्या औश्याकडच्या गावातली, ती आली होती आणि तिने माझ्या टेबलावर स्पेलची यादी बघितली. मराठीत लिहून काढली होती मी, निद्रा घालणे, मोहिनी घालणे, मृतांशी बोलणे. आत्याचा चेहराच उतरला. "काय करू लालीस गं बाई हे? असलं घरात ठिवू नको." तिच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत भानामतीचा प्रकार झाला होता, कपड्यांवर बिब्ब्याच्या फुल्या, घरावर दगड, आणि शेवटी संशय गेला एका एकट्या राहणाऱ्या बाईवर. पुढं त्या बाईचं काय झालं हे आत्या सांगत नाही. असल्या संशयावरून कुणाला मारणं छळणं आता रीतसर गुन्हा आहे, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याआधी कितीतरी वर्षं अंनिसची माणसं मराठवाड्यात गावोगाव फिरून भानामतीच्या केसेस उकलत होतीच.

आत्याची भीती आणि अमेरिकेतल्या आयांची भीती एकच होती म्हणा. तिकडे १९८० च्या दशकात या खेळावर मोठं वादळ उठलं, पोरं खरी जादू शिकतात, सैतानाची पूजा करतात, म्हणून चर्च, टीव्ही, सगळे तुटून पडले. इतकं की १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत कंपनीने राक्षस-सैतानांची नावंच बदलून टाकली.

मी आत्याला खाली बसवलं आणि निद्रा घालायचा स्पेल दाखवला. हे बघ आत्या, याला चिमूटभर वाळू लागते, ती नसेल तर गुलाबाची पाकळी, तीही नसेल तर रातकिडा. एकदा वापरला की संपला. इतक्याच अंतरावर चालतो. एल्फ नावाच्या लोकांवर बहुतेक वेळा चालतच नाही. आत्या बराच वेळ ऐकत होती, मग म्हणाली, "एवढ्या अटी असल्यावर जादू कशाची." आणि निवांत चहा प्यायली. मला वाटतं तिने नेमकं तेच पकडलं. भोंदू बाबाच्या जादूला अट नसते, मर्यादा नसते, ती कधी फसत नाही, फसली तर तुमची श्रद्धा कमी पडलेली असते. तो कधी असं सांगणार नाही की आजचा माझा कोटा संपलाय, उद्या या. आमच्या टेबलावर नियम उघडे पडलेले असतात, कुणीही पान उलटून डीएमला सांगू शकतं की तू चुकतोयस. आमचे वकीलसाहेब तर दुसरं काही करतच नाहीत.

त्यांच्यावरून विश आठवलं. विश हा जादूगाराचा सगळ्यात वरचा स्पेल, नवव्या लेव्हलचा. तोंडाने मागा, ते घडतं. जुन्या नियमात तो टाकणारा जादूगार तीन वर्षांनी म्हातारा होतो, नव्या नियमात तर तो परत कधीच टाकता न येण्याची तीनात एक शक्यता. पण खरी ग्यानबाची मेख वेगळीच, मागणी शब्दशः पुरी करायची मुभा डीएमला आहे. शब्दात फट दिसली की तो त्यातून आत शिरणार. त्यामुळे जगभरातले खेळाडू विश मागताना वकिलासारखं बोलतात, आमच्याकडे तर मूळचाच वकील.

एका डावात आम्हाला तीन इच्छांची अंगठी सापडली, दोन आधीच कुणीतरी वापरलेल्या, एक शिल्लक. अंगठीने मागितलं तर वयही वाढत नाही, म्हणजे लॉटरीच. गाव होतं कोरडं, विहिरी आटलेल्या, एकमताने ठरलं की पाणी मागायचं. वकीलसाहेब म्हणाले मला आठवडा द्या. पुढच्या रविवारी ते टाइप केलेला कागद घेऊन आले, दोन पानी. लिहून देणार, वय, धंदा जादूगिरी, राहणार अमुक. विहिरीची चतुःसीमा, पूर्वेस पाटलाचं शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस, उत्तरेस. पाणी बारमाही, वंशपरंपरेने, कुठल्याही त्रयस्थाच्या हक्काशिवाय, पातळी काठापासून सहा फुटांच्या खाली जाणार नाही, नैसर्गिक अथवा जादुई आपत्तीचा परिणाम होणार नाही. विषारी नसावं हेही होतं. आम्ही टाळ्या वाजवल्या. डीएमने दोन्ही पानं सावकाश वाचली, परत एकदा वाचली, कागद घडी करून ठेवला आणि म्हणाला, मंजूर, विहीर काठोकाठ भरली, गाव धावलं, पहिल्या बाईने ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. खारं.

गोडं पाणी असं दोन पानांत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

वकीलसाहेब अजूनही म्हणतात की पाणी म्हणजे गोडंच गृहीत धरायचं असतं आणि ते पुनर्विलोकन अर्ज करणार आहेत. पण त्या दिवशी डाव सावरला महाराजांनी. क्लेरिकच्या पहिल्या लेव्हलला अन्नपाणी शुद्ध करायचा एक साधा स्पेल असतो, कुणी ढुंकून बघत नाही त्याकडे, लेव्हलमागे एक घनफूट. महाराज नवव्या लेव्हलला, म्हणजे एका स्पेलला नऊ घनफूट, अडीचशे लिटर, आणि पहिल्या लेव्हलचे स्लॉट दिवसाला चार. हजारभर लिटर झाले. मीठ अशुद्धीत धरायचं का यावर परत वाद, या वेळी डीएमने पटकन मान्य केलं, त्यालाही वाईट वाटलं असावं. मग उरलेली दुपार आम्ही ड्रॅगन-बिगन सगळं सोडून त्या विहिरीवर रांग लावण्यात घालवली. माणशी किती, लेकुरवाळीला किती, जनावरांचं काय. भैय्याने वहीत नंबर टाकायला घेतले. डीएम एकेक गावकरी होऊन येत होता आणि शेवटी एक म्हातारी झाला, जी म्हणे माझ्या नातीचं लग्न आहे, मला दोन नंबर द्या, आणि महाराज, खरेखुरे घामाघूम झालेले, तिला सांगत होते की मावशे, स्लॉट संपले, आता उद्या सकाळी.